तालुक्यात कामाला बाया किती, बाप्ये किती? नेमका कोणता आकडा धरायचा?

बांधावरून
ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं टिपण करायचं आहे. प्रश्न साधा वाटला होता: बायका किती कामाला, पुरुष किती. समोर तीन कागद आहेत. २०११ ची जनगणना सांगते, देशात २५.५ टक्के बायका आणि ५३.३ टक्के पुरुष कामकरी. श्रमबल पाहणीचा, म्हणजे पीएलएफएसचा, २०२३-२४ चा वार्षिक अहवाल सांगतो, बायका ४१.७ आणि पुरुष ७८.८. त्याच पाहणीचं एप्रिल २०२५ चं मासिक पत्रक सांगतं, बायका ३४.२.
यातला कुठला खरा? आणि तालुक्याचा आकडा कुठे मिळेल?

चहाटळ
बायका शंभर टक्के कामाला आहेत. पुरुषांचं सर्वेक्षण करा.

पंतोजी
तिन्ही खरे आहेत, पण तिघांना वेगवेगळे प्रश्न विचारलेत.
आधी भाजक बघा. जनगणनेचे २५.५ हे सगळ्या वयाच्या स्त्रियांमागे आहेत, पाळण्यातल्या मुलीही त्यात आल्या. पीएलएफएसचे ४१.७ हे १५ वर्षांवरच्या स्त्रियांमागे. मग अंश बघा. जनगणनेचा दर फक्त काम करणाऱ्यांचा, तर ४१.७ मध्ये काम करणाऱ्या अधिक काम शोधणाऱ्या, म्हणजे श्रमबल. नुसत्या काम करणाऱ्या हव्या असतील तर त्याच अहवालात ४०.३ आहे, पुरुषांचे ७६.३. तुम्हाला "कामाला किती" हवंय ना? मग हा दुसरा रकाना घ्या. श्रमबलाचा दर रोजगाराचा म्हणून छापला जातो, वर्तमानपत्रांतही.
आता ४१.७ आणि ३४.२. यात काळाची लांबी वेगळी. पहिला आकडा गेल्या ३६५ दिवसांचा, दुसरा गेल्या ७ दिवसांचा.

ओवी
पंतोजींना +१. थोडं उलगडून.
वार्षिक पद्धतीत दोन पायऱ्या असतात. वर्षातला जास्त काळ माणूस श्रमबलात होता का, हे आधी ठरतं. ती मुख्य स्थिती. नसेल, तरी वर्षभरात ३० दिवस किंवा अधिक आर्थिक काम केलं असेल तर ती दुय्यम स्थिती. दोन्ही मिळून ४१.७ येतात. साप्ताहिक पद्धतीत आठवड्यातल्या एका दिवशी एक तास काम झालं तरी माणूस कामावर.
उदाहरण घ्या. श्रावणात २० दिवस खुरपणी, दिवाळीच्या आसपास १८ दिवस सोयाबीन काढणी, बाकी वर्षभर घर. एकूण ३८ दिवस. वार्षिक हिशेबात मुख्य स्थिती "घरकाम", दुय्यम स्थिती "मोलमजुरी", म्हणून ती कामकरी. तिलाच एप्रिलमध्ये गाठलं तर साप्ताहिक हिशेबात ती श्रमबलाबाहेर. बाई तीच आहे.
आणि काढणी १८ ऐवजी ९ दिवस चालली तर एकूण २९. दुय्यम स्थितीसुद्धा गेली.

निमशहरी
आठवड्यात एक तास काम केलं की रोजगार! म्हणूनच बेरोजगारी ३.२ टक्के दाखवता येते.

पंतोजी
हे फार ठिकाणी वाचतो, म्हणून थांबून सांगतो. ३.२ टक्के (२०२३-२४) हा वार्षिक स्थितीचा दर आहे. एक तासाची अट त्यात लागत नाही, ती साप्ताहिक स्थितीत लागते. त्याच वर्षी साप्ताहिक बेरोजगारी ४.९ होती. एक तासवाल्या पद्धतीतच बेरोजगारी जास्त निघते, कारण वर्षभराच्या झाकणाखाली लपलेले रिकामे आठवडे तिथे उघडे पडतात.
बेरोजगारीच्या अंदाजांवर नेमलेल्या दांतवाला समितीने १९७० मध्ये हेच सांगितलं होतं की एका आकड्यात आपल्याकडची बेरोजगारी मावणार नाही. त्यातूनच वार्षिक, साप्ताहिक आणि दैनिक अशा तीन पद्धती आल्या. दैनिक पद्धतीत दिवसाचे दोन तुकडे करतात: चार तास किंवा जास्त काम म्हणजे पूर्ण दिवस, एक ते चार तास म्हणजे अर्धा. अर्धवेळ मजुरीची खरी अवस्था तिथेच दिसते, पण मथळ्यात ती पद्धत कधी येत नाही.

निमशहरी
बरं, एक तासाचा मुद्दा मागे. पण २०१७-१८ मध्ये बायकांचं श्रमबल २३.३ होतं, सहा वर्षांत ४१.७ झालं. ग्रामीण भागात २४.६ वरून ४७.६. एवढ्या बायका कुठल्या कारखान्यात लागल्या?

तळटीप
कारखान्यात नाहीच लागल्या. कामकरी स्त्रियांमध्ये स्वयंरोजगारवाल्यांचा वाटा त्या काळात ५१.९ वरून ६७.४ टक्क्यांवर गेला. पाहणीत प्रत्येकाच्या कामाच्या स्थितीला कोड देतात. स्वयंरोजगारात तीन कोड येतात: ११ स्वतःच्या जिवावर धंदा करणारी, १२ माणसं लावून करणारी, २१ घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस. वाढ मुख्यतः ११ आणि २१ मधली. पगारी नोकरीचा कोड ३१, मजुरीचा ५१, रोहयोचा ४२.
बायकांच्या आकड्याचा जीव ९२, ९३ आणि २१ या तीन कोडांच्या सीमेवर अडकलेला आहे. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम अधिक सरपण, चारा, रानभाजी गोळा करणं किंवा घरापुरतं शिवणकाम. २१ म्हणजे घरच्या शेतात-दुकानात हातभार. ९२-९३ श्रमबलाच्या बाहेर, २१ आत. गोठ्यातलं शेण काढून दोन म्हशींची धार काढणारी बाई प्रगणकाने एका घरात ९३ लिहिली आणि शेजारच्या घरात २१, तर टक्का तिथेच हलतो.

रानवारा
म्हणजे वाढ खोटी?

तळटीप
खोटी म्हणणार नाही. घरातल्या एका कमाईवर भागेना म्हणून बायका शेतीत आणि जोडधंद्यात जास्त उतरल्या असतील, आणि पूर्वी ९२ मध्ये पडणारं काम आता नीट विचारलं जात असेल. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, आणि नुसत्या टक्क्यावरून त्यांची फोड होत नाही. फोड करायची तर कोड, कामाचे तास आणि कमाई हे तिन्ही रकाने शेजारी मांडावे लागतात. तास कमी, कमाई शून्य आणि कोड २१ असेल, तर "रोजगार वाढला" हे वाक्य जपून लिहावं.

ओवी
यावर एक चांगली परीक्षा आहे. २०११ ची जनगणना आणि त्याच सुमारासची २०११-१२ ची नमुना पाहणी, दोन्ही सगळ्या वयांच्या टक्क्यात. पुरुष: ५३.३ आणि ५४.४. बायका: २५.५ आणि २१.९. पुरुषांना कसंही विचारा, उत्तर एका टक्क्याच्या आसपासच हलतं. बायकांचं उत्तर प्रश्नावर अवलंबून असतं. त्यामुळे बायकांचा आकडा देताना प्रश्न कसा विचारला तेही सोबत लिहावं.

चहाटळ
"काय करता?"
"काही नाही, घरीच असते."
घ्या, ९२. पुढचं घर.

तळटीप
चहाटळ, हसण्यावारी नेलंत पण चूक नेमकी इथेच होते, आणि ती दोनदा होते. पहिली म्हणजे उत्तर बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी देतो. कर्ता पुरुष ओट्यावर बसून अख्ख्या घराची माहिती सांगतो. दुसरी, "काम" या शब्दाचा अर्थ लोकांच्या डोक्यात "रोजगाराला जाणं" असा पक्का आहे. म्हणून आधी कामांची यादी विचारायची आणि स्थिती आपण ठरवायची. २०११-१२ च्या पाहणीत ९२-९३ आलेल्या स्त्रियांना जोड प्रश्न होते: परसबाग, कोंबड्या, दूध, शिवण, सरपण. त्या उत्तरांनी चित्र बदलायचं.

रानवारा
घरच्या गाईचं दूध घरीच संपतं, विकत नाही. ते काम धरतात?

ओवी
धरतात, आणि गंमत पुढे आहे. आपल्या पाहणीच्या व्याख्येत घरी खाण्यासाठी पिकवलेलं धान्य, दूध, भाजी हे आर्थिक काम. पण त्याच मालावर घरी केलेली प्रक्रिया, ती घरातच खायची असेल तर, नाही. भात लावला तर काम. तोच भात घरच्यासाठी कांडला तर काम नाही. पापड घरच्या डब्यासाठी लाटले तर नाही, विकायला लाटले तर आहे. स्वयंपाक, धुणं, लेकरं, म्हातारी माणसं, यातलं काहीच नाही.
आंतरराष्ट्रीय कामगार सांख्यिकी परिषदेने २०१३ मध्ये आणखी आखडतं घेतलं: रोजगार म्हणजे फक्त मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम, घरच्या वापरासाठीचं उत्पादन वेगळ्या खान्यात. आपण अजून जुन्या, रुंद व्याख्येजवळ आहोत. परदेशांशी तुलना करणाऱ्यांनी हे आधी तपासावं, नाहीतर भारत एखाद्या तक्त्यात उगाच वर किंवा खाली दिसतो.

चहाटळ
संसाराचा कोड कोणता म्हणालात?

ओवी
९२. संसाराचा हिशेब हवाच असेल तर वेळवापर पाहणी बघा. पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाचे खाने. २०२४ च्या पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, तेच काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. आणि ही सरासरी "घरकाम करणाऱ्या" पुरुषांची आहे. जे करतच नाहीत ते हिशेबात धरले तर पुरुषांचा आकडा आणखी खाली येईल.

निमशहरी
सीएमआयई या खासगी संस्थेच्या पाहणीचा आकडा घ्या ना, लवकर येतो. त्यांच्याकडे बायकांचा सहभाग दहा टक्क्यांच्या आसपास आहे.

तळटीप
तिथे विचारणीच्या दिवसाजवळची स्थिती घेतात, आणि व्याख्या कडक आहे. शेतातला हातभार त्यात बराचसा गळतो. शिवाय नमुन्यात गरीब घरं कमी पडतात अशी टीका ज्याँ द्रेझ आणि अनमोल सोमंची या अभ्यासकांनी २०२१ मध्ये केली होती. त्यावर सीएमआयईने उत्तरही दिलं. बाजाराची महिन्यामहिन्याची चाल पाहायला तो आकडा वापरा, पातळीसाठी नको. आणि पीएलएफएसशी त्याची वजाबाकी तर मुळीच नको.
ईपीएफओचं, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी संघटनेचंही तसंच. ती पगारपत्रकं आहेत. वीस किंवा जास्त माणसांची आस्थापना पहिल्यांदा नोंदली की जुनीच माणसं "नवीन" दिसतात. कंत्राटदाराची नोंदणी पुण्यात आणि माणसं राबतात परळीत, असं असेल तर ती माणसं पुण्यात मोजली जातात. तालुक्यासाठी शून्य उपयोग.
रोजगार विनिमय केंद्राची चालू नोंदवही तर विसराच. नोकरी लागलेला नाव काढायला जात नाही, आणि गावातली बेकार बाई नाव घालायला जात नाही.

बांधावरून
धागा छान रंगलाय, पण माझा तालुका? पीएलएफएस २०२५ पासून जिल्हानिहाय झालंय असं वाचलं. मग जिल्ह्याचा आकडा तरी घेता येईल ना?

गुणक
झालंय ते असं. जानेवारी २०२५ पासून नमुना निवडताना बहुतेक ठिकाणी जिल्हा हे मूळ एकक धरतात. पूर्वी देशभर १२,८०० गावं-वॉर्ड होते आणि प्रत्येकी ८ घरं. आता २२,६९२ गावं-वॉर्ड आणि प्रत्येकी १२ घरं, म्हणजे २,७२,३०४ घरं. प्रत्येक घराला लागोपाठ चार महिने भेट. वर्षही आता जानेवारी ते डिसेंबर.
आता भागाकार करा. देशात साधारण ७८० जिल्हे. जिल्ह्याला सरासरी २९ गावं-वॉर्ड, म्हणजे ३५० घरं. त्यात १५ वर्षांवरच्या बायका साधारण ५००. सहभाग ४० टक्के असेल तर साध्या सूत्राने प्रमाणत्रुटी, म्हणजे नमुन्यामुळे होणारी सरासरी चूक, २.२. पण एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे ती फुगते. विचरण, म्हणजे त्या त्रुटीचा वर्ग, दुप्पट धरलं तर ३.१. म्हणजे ९५ टक्के खात्रीने जिल्ह्याचा आकडा ३४ ते ४६ च्या मध्ये कुठेही. सहभागासाठी कसाबसा चालेल.
बेरोजगारीला मात्र हात लावू नका. श्रमबलातल्या २०० बायका, त्यातल्या ३ टक्के बेकार, म्हणजे सहा जणी. त्यातल्या दोघी भेटीच्या दिवशी माहेरी गेल्या तर जिल्ह्याची स्त्री-बेरोजगारी एक टक्क्याने घटली.
तालुक्यासाठी पीएलएफएसमधून काहीही निघत नाही. कुणी काढून दिलं तर घेऊ नका.

पंतोजी
आणि जे कच्ची माहिती उतरवून घेतील त्यांनी गुणक विसरू नये. (आयडी नव्हे, खरा गुणक, म्हणजे मल्टिप्लायर: नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीने मोजायचं तो आकडा.) जुन्या रचनेत दोन उपनमुने होते. एनएसएस आणि एनएससी हे रकाने सारखे असतील तर मल्टिप्लायरला १०० ने भागायचं, नसतील तर २०० ने. वार्षिक आकड्यासाठी त्यात तिमाह्यांच्या संख्येनेही भागायचं. हे विसरलं की लोकसंख्या काही पटींनी फुगते. बरोबर भागलं तरी एकूण माणसं प्रक्षेपित, म्हणजे जनगणनेवरून पुढे अंदाजलेल्या, लोकसंख्येपेक्षा कमी भरतात, म्हणून पाहणीतून टक्का घ्यायचा आणि तो प्रक्षेपित लोकसंख्येला लावायचा. थेट "इतके लाख" काढायचं नाही.

रानवारा
अवांतर: निवडणुकीत सभेला गर्दी करणं कोणत्या कोडात?

तळटीप
पाकीट मिळालं तर ५१. नाही मिळालं तर ९७, इतर.

गुणक
मूळ प्रश्नाकडे. तालुक्याला दोनच वाटा आहेत.
एक, जनगणना. गावपातळीपर्यंत मुख्य आणि सीमांत कामकरी, स्त्री-पुरुष वेगळे. सहा महिने किंवा जास्त काम म्हणजे मुख्य, कमी म्हणजे सीमांत. २०११ मध्ये सीमांतचीही तीन महिन्यांच्या वर आणि खाली अशी फोड आहे. बायकांसाठी नुसता मुख्यचा रकाना घेतलात तर निम्मी गोष्ट हरवते. पण आकडा २०११ चा आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७, तक्ते त्यानंतर.
दोन, स्वतःची पाहणी. आवाक्यातली आहे. तालुका १,८०,००० लोकसंख्येचा धरा. गावांची यादी रस्त्याच्या क्रमाने लावून लोकसंख्येची चढती बेरीज करा. ४० गावं हवीत तर अंतर ४,५००. पहिला आकडा चिठ्ठीने काढा, समजा २,१३७. ज्या गावात ती बेरीज पडते ते पहिलं, मग ६,६३७, मग ११,१३७. मोठ्या गावावर दोनदा चिठ्ठी पडली तर दोन वेगळे भाग घ्या. निवडलेल्या गावात वाड्या, वस्त्या, तांडे धरून सगळ्या घरांची यादी. कुलूप असलेलं घरही यादीत. २४० घरं निघाली तर दर सोळावं, म्हणजे १५. एकूण ६०० घरं, साधारण ९०० प्रौढ बायका, चूक ५ टक्क्यांच्या आत-बाहेर. यादीत २०११ पेक्षा घरं वाढलेली सापडतील, त्या प्रमाणात त्या गावाचं वजन वाढवा.
चाळीस गावं एका महिन्यात उरकू नका. निवडीच्या क्रमात दर चौथं गाव एका तिमाहीत घ्या, म्हणजे प्रत्येक तिमाहीत १० गावं आणि चारही ऋतू येतात.

ओवी
प्रश्नांचं मी सांगते. बाईशी स्वतः बोला, शक्यतो दुपारी, घरातले पुरुष बाहेर असताना. "काम करता का" हा प्रश्नच कागदावर ठेवू नका. यादी वाचा: स्वतःच्या रानात, दुसऱ्याच्या रानात, शेळ्या, दूध, शिवण, दुकानावर बसणं, रोहयो, अंगणवाडी किंवा शाळेचा पोषण आहार. प्रत्येकाला दोन उपप्रश्न: वर्षात किती दिवस आणि गेल्या सात दिवसांत किती तास. दिवस आठवत नाहीत, सण आठवतात. "पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत" असं उत्तर आलं की दिवस आपण मोजायचे. मग पैसे कुणाच्या हातात आले. कोड शेवटी, आणि तो घरी बसून लावायचा, दारात नाही.
हेच प्रश्न पुरुषांनाही शब्दशः विचारा. बायकांना यादी आणि पुरुषांना एक प्रश्न असं केलंत तर तुलना मोडते.

बांधावरून
हे उत्तम. टिपणात आता दोन रकाने ठेवतो, वार्षिक आणि साप्ताहिक, दोन्ही स्त्री-पुरुष वेगळे, आणि खाली प्रश्न जसेच्या तसे छापतो. एकच अडचण. तालुक्यातली अर्धी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. यादीत कुलपं येतील.

उसाचं_चिपाड
हा मुद्दा कुणीतरी काढेल म्हणून वाट पाहत होतो. सहा महिने किंवा जास्त बाहेर असलेला माणूस घराचा सदस्य धरत नाहीत. तोडणी पाच महिने चालली तर तो सदस्य राहतो, पण घराला कुलूप म्हणून प्रगणक दुसरं घर घेतो. तिकडे कारखान्याच्या तळावरची कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, ही कायमची राहण्याची जागा नाही, म्हणून ती तिथल्या यादीतही बसत नाही. माणूस दोन्हीकडून निसटतो. आणि बदली घर कोणाचं मिळतं? जे तोडीला गेलं नाही त्याचं. ज्या घरात जमीन किंवा नोकरी आहे ते. त्यामुळे मजुरी करणाऱ्या बायकांचा टक्का नेमका इथे घटतो.
उपाय: कुलपाची घरं बदलू नका. त्यांवर खूण करून ठेवा आणि कारखाने बंद झाल्यावर, एप्रिल-मे मध्ये, तीच घरं पुन्हा गाठा. वार्षिक स्थितीचे प्रश्न तेव्हाही तितकेच लागू पडतात. साप्ताहिक स्थिती मात्र त्या घरांची "तिमाहीत अनुपस्थित" म्हणून वेगळी दाखवा, शून्य धरू नका.

तळटीप
कोडाचं पण सांगा. नवरा-बायको जोडीने तोडतात, हिशेब नवऱ्याच्या नावावर होतो. बरेच जण बाईला २१ लावतात.

उसाचं_चिपाड
चूक. २१ हा घरच्या धंद्यातल्या मदतनिसाचा कोड. ऊस घरचा नाही, टनावर मजुरी आहे, म्हणून दोघंही ५१. उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, कुणाच्या नावावर घेतली यावर कोड ठरत नाही. वर्षाला १५० दिवस तोडणी आणि बाकी काळ ती काम शोधत नसेल, तर तिची मुख्य स्थिती ९२ आणि दुय्यम ५१ येईल. तरी ती कामकरीच. दुय्यम स्थितीचा रकाना गाळलात तर तालुक्यातल्या हजारो बायका एका फटक्यात गृहिणी होतील.

चहाटळ
मग मुकादमाच्या वहीतूनच मोजा की. कोयते गुणिले दोन.

उसाचं_चिपाड
पडताळणीला ती वही खरंच उपयोगी आहे. फक्त गुणिले दोन सरसकट नको. एक कोयता म्हणजे जोडपं, पण एकट्या माणसाचा अर्धा कोयता लिहितात, आणि तो अर्धा बाईचाही असू शकतो. वहीत नाव बघून अर्धे कोयते वेगळे काढा, मग गुणा.

बांधावरून
वाचनखूण साठवली. अर्ध्या कोयत्यांसाठी वेगळा रकाना टाकतोय.